जुन्या हवाई छायाचित्रांवरून जमिनीची पारख

कन्नड तालुक्याच्या उत्तरेस सातमाळा-अजिंठा डोंगररांग आहे. तेथून शिवना नदीच्या खोऱ्याकडे उतरू लागले म्हणजे जमिनीची जात थोड्याथोड्या अंतरावर पालटते. उतारावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर सखल भागात काळी माती पुष्कळ खोल असते. हा भेद पूर्वी नजरेस सहज पडे. अलीकडे यंत्राने सपाटीकरण झाल्यामुळे अनेक ओघळी बुजल्या असून लहान नाल्यांची पात्रेही शेतांत मिळाली आहेत. असे शेत विकत घेताना, किंवा त्यात विहीर, शेततळे वा बांध यांवर पैसा घालताना, त्याचे पूर्वरूप पाहणे अगत्याचे ठरते.

ते पूर्वरूप आकाशातून घेतलेल्या जुन्या छायाचित्रांत दिसते. भारतीय सर्वेक्षण विभागाने नकाशांसाठी विमानातून अशी छायाचित्रे घेतली. त्यांच्या वाचनाचे शिक्षण देणारी संस्था 1966 साली डेहराडून येथे निघाली. अमेरिकेच्या 'कोरोना' उपग्रहांनी 1960 ते 1972 या काळात टिपलेली चित्रेही 1995 साली खुली झाली. हेरगिरीसाठी काढलेली चित्रे शेतीच्या उपयोगी पडावीत, हे नवलच!

काळ्यापांढऱ्या छायाचित्रात खोल व ओलसर माती गडद, तर उघडा मुरूम फिकट दिसतो. बुजलेला नाला शेतातून नागमोडी जाणाऱ्या पट्ट्याच्या रूपाने ओळखता येतो. मात्र नुकतीच नांगरलेली ओली रानेही गडद दिसतात. म्हणून केवळ रंगावर भिस्त ठेवू नये. एकाच जागेची दोन लागोपाठची छायाचित्रे दोन भिंगांच्या साध्या यंत्राखाली ठेवली असता चढउतार उठून दिसतात व पाण्याची वाट स्पष्ट होते.

धूप किती झाली हेही मोजता येते. समजा, छायाचित्राचे प्रमाण 1:25,000 आहे. म्हणजे त्यावरील 1 मिलिमीटर जमिनीवर 25 मीटर भरतो. जुन्या चित्रात एका पक्क्या विहिरीपासून घळीचे तोंड 4 मिलिमीटरवर होते आणि त्याच प्रमाणाच्या नव्या चित्रात ते 3 मिलिमीटरवर आले, तर घळ 25 मीटर पुढे सरकली असे समजावे. दोन चित्रांमधील वर्षांनी भागले की दरसालची चाल कळते. डोंगराळ भागात मात्र उंच जागा विमानाला जवळ असल्याने मोठी उमटते. म्हणून माप घेण्याची खूण घळीच्या जवळची व सारख्याच उंचीवरची असावी. मालकीचा वाद अशा चित्राने मिटत नाही. त्यासाठी महसुली कागदपत्रेच पाहावी लागतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने छायाचित्रातील पट्टा गावच्या गट नकाशावर उतरवावा, गावातील जाणत्या मंडळींना जुन्या पात्राविषयी विचारावे आणि संशयित जागी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन पाहावे. खड्ड्यात वाळू व गोल गोटे निघाले तर तेथे अस्तराविना शेततळे करू नये. पाणी झिरपून जाईल. बांधही शक्यतो दुसरीकडे घ्यावा. तो तेथेच घेणे भाग असल्यास सैल भराव काढून टाकून पायाचा चर कठीण थरापर्यंत खोदावा.