गड उतरल्यावर मांड्या का भरून येतात?

सिंहगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या मुख्यतः उतरणीमुळे. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्याच्या तंतूंत मायोसिन हे प्रथिन अ‍ॅक्टिनच्या धाग्याला पकडतं, खेचतं, सोडतं, पुन्हा पकडतं; रस्सीखेचीत हात बदलत दोर ओढावा तसं. उतरताना मात्र मांडीचा पुढचा स्नायू आपलं वजन तोलण्यासाठी ओढत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. त्यात काही तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुरुस्तीबरोबर दाह हळूहळू वाढतो, म्हणून दुखणं उशिरा येतं. लॅक्टिक आम्लाला उगाच दोष देतात. ते तर तासा-दोन तासांत ओसरतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गड केलात, तर दुखणं बरंच कमी असेल.