रोपण केलेल्या दाताचे दुखणे : स्वाभाविक कोणते, सूचक कोणते?

वर्षभरात किती रुग्ण तपासले गेले आणि किती शस्त्रक्रिया पार पडल्या, याची आकडेवारी या अहवालात अन्यत्र दिलेली आहे. दंतविभागाच्या वाट्याला आलेल्या या पानांवर आकड्यांत न मावणारी एक गोष्ट आम्ही मांडू इच्छितो.

खालच्या जबड्यातील सर्व दात गेलेल्या एका आजींना कवळी घट्ट बसावी म्हणून दोन रोपणे, म्हणजेच इम्प्लांट, बसवण्यात आली. पहिले चार दिवस सुखरूप गेले. पाचव्या दिवशी एका बाजूस ठणका सुरू झाला आणि तो वाढतच गेला. दहाव्या दिवशी टाके काढण्यासाठी त्या आल्या, तेव्हा त्या रोपणाभोवती पू झालेला होता. ते काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आधीच का आला नाहीत, असे विचारता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, इतक्या कमी पैशांत तुम्ही एवढं केलंत. वर पुन्हा तक्रार कुठल्या तोंडानं करायची?" ऑपरेशन म्हटले की दुखायचेच, अशी समजूत करून घेऊन त्यांच्या मुलानेही औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून दिल्या होत्या.

आजींचा संकोच आणि मुलाचा गैरसमज, या दोहोंमुळे एक रोपण गेले. असे पुन्हा घडू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रोपण म्हणजे काय?

दंतरोपण म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू. तो दाताच्या मुळाची जागा घेतो आणि त्यावर कृत्रिम दात किंवा कवळी बसवली जाते. हाड या धातूशी एकजीव होते, ही गोष्ट स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या १९५२ मध्ये ध्यानात आली. सशाच्या हाडात प्रयोगासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडापासून सुटेना, हे पाहून त्यांनी पुढील संशोधन केले आणि १९६५ मध्ये प्रथमच एका रुग्णाच्या जबड्यात अशी रोपणे बसवली. २००६ मध्ये त्या रुग्णाचे निधन होईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, ती त्याच्या उपयोगी पडली.

हाड आणि धातू एकजीव होण्याची ही क्रिया सावकाश चालते. तिला साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. बसवताना मिळालेली घट्ट पकड पहिल्या काही आठवड्यांत थोडी सैल होते आणि नवे हाड तयार होऊ लागल्यावर पुन्हा दृढ होते. 'आता दुखत नाही' म्हणून तिसऱ्या आठवड्यातच त्या बाजूने सुपारी किंवा भाकरीचा कडक पापुद्रा चावू नये, असे आम्ही बजावतो ते याच कारणाने.

रोपणाला नस नसते

नैसर्गिक दाताच्या गाभ्यात नस असते. त्यामुळे आंबट खाल्ल्यावर दात आंबतात किंवा बर्फाचे पाणी लागताच सणक जाते. शिवाय दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ पडदा असतो. भातात केसाहून बारीक कण आला तरी तो दातांना जाणवतो, तो मुख्यतः या पडद्यातील संवेदनांमुळे. रोपणाला यांपैकी काहीच नसते. ते थेट हाडाला जखडलेले असते, म्हणून चावताना त्याचा स्पर्श आरंभी परका, काहीसा लाकडासारखा वाटतो. हाड, हिरडी आणि चावण्याचे स्नायू यांच्या संवेदनांवरून मेंदू हळूहळू त्याची सवय करून घेतो.

तात्पर्य, रोपण स्वतः कधीच दुखत नाही. दुखते ते त्याच्या भोवतालचे.

स्वाभाविक दुखणे

भूल उतरल्यानंतर दुखणे, हिरडी सुजणे, गालावर निळसर डाग दिसणे, पहिल्या दिवशी थुंकीत किंचित लाली असणे, हे सारे स्वाभाविक आहे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक असते आणि नंतर उतरू लागते. पहिल्या दिवशी गालाबाहेरून थोड्या थोड्या वेळाने बर्फाचा शेक द्यावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या कराव्यात. जखमेवर लवंगतेल किंवा हळद लावू नये. गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील त्याच घ्याव्यात, कारण मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा पोटातील व्रण असणाऱ्यांना काही वेदनाशामके अपायकारक ठरतात.

लक्षात ठेवण्याची खूण सोपी आहे : स्वाभाविक दुखणे तिसऱ्या दिवसानंतर रोज थोडे थोडे कमी होत जाते. एकदा उतरलेले दुखणे पुन्हा चढू लागले, तर ते स्वाभाविक नव्हे.

मग थंड का लागते?

"रोपणाला नस नाही, तर थंड पाणी का लागते?" हा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात. बहुतेक वेळा ती सणक शेजारच्या नैसर्गिक दाताची असते. शस्त्रक्रियेनंतर हिरडी थोडी खाली सरकून त्या दाताचे मूळ उघडे पडते, किंवा त्यात आधीपासून कीड असते. कधी नवा दात किंचित उंच राहिल्याने चावताना दाब येतो आणि जागा दुखरी होते. ही उंची काही मिनिटांत घासून नीट करता येते. दात बसवल्यावर हिरडीवर थोडा ताण जाणवतो, तो लवकरच निवळतो. तेव्हा सणक नेमक्या कोणत्या जागी आणि कशाने येते, हे रुग्णाने नीट सांगितल्यास निम्मे निदान तेथेच होते.

त्वरित कळवावे अशी लक्षणे

१. भूल उतरण्याचा काळ उलटूनही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहणे, अथवा तेथे झिणझिण्या येणे. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेवर दाब आल्याचे हे चिन्ह असू शकते. येथे दिवस नव्हे, तास महत्त्वाचे असतात. रोपण थोडे वर घेणे किंवा काढणे आवश्यक ठरल्यास ते पहिल्या दीड दिवसात होणे हितावह असते. सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे.

२. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ठणका किंवा सूज वाढणे, ताप येणे, पू किंवा दुर्गंधी येणे. सूज गळ्याकडे उतरत असेल अथवा गिळण्यास व श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर तत्काळ रुग्णालयात यावे.

३. दाबून धरलेल्या स्वच्छ कापसानेही रक्त न थांबणे.

४. वरच्या जबड्यातील रोपणानंतर पाणी पिताना ते नाकात येणे, किंवा गालात जडपणा वाटून नाकातून घाण स्राव येणे.

५. रोपण किंवा त्यावरील दात हलणे, मग तो दुखत असो वा नसो. पुष्कळदा केवळ वरचा स्क्रू सैल झालेला असतो. तो वेळीच आवळला की काम भागते.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये

रोपणाला नस नसल्याचा एक तोटाही आहे. कीड लागलेला दात ठणकून धोक्याची सूचना देतो, पण रोपणाभोवतीचे हाड झिजू लागले तरी पुष्कळदा काहीच दुखत नाही. घासताना हिरडीतून रक्त येणे हीच काय ती पहिली सूचना. म्हणून ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि जरूर तेव्हा क्ष-किरण चित्र काढणे, यांना पर्याय नाही.

तंबाखू आणि अनियंत्रित मधुमेह हे रोपणाचे दोन मोठे शत्रू होत. आपल्याकडे मिश्रीला अनेकजणी तंबाखू मानतच नाहीत. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्या माउली सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती थेट हिरडीवरच चोळली जाते. घरच्यांनी हे आम्हांस अवश्य सांगावे. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल कोणतेही औषध चालू असल्यास तेही शस्त्रक्रियेपूर्वीच कळवावे.

एक विनंती

रुग्णांच्या आप्तांना आमची विनंती आहे की, वडीलधारी माणसे 'बरं आहे' म्हणाली तरी पहिला आठवडा रोज त्यांना विचारावे : कालच्यापेक्षा आज कमी आहे ना? उत्तर 'नाही' असे आले, तर रुग्णालयाशी संपर्क साधावा. सवलतीत उपचार मिळाले म्हणून तक्रार करण्याचा हक्क कमी होत नाही, आणि वेळेवर केलेल्या तक्रारीचे आम्हांला ओझे वाटत नाही.

देणगीदार व विश्वस्त यांच्यापुढेही एक गोष्ट नम्रपणे मांडावीशी वाटते. देणगीतून बसवलेले रोपण सर्वांना दिसते. त्यामागचे टाके, क्ष-किरण, साफसफाई आणि गावाहून पुन्हा पुन्हा येण्याचे एस.टी.चे भाडे मात्र कोणाच्या नजरेस येत नाही. रोपण टिकते ते या न दिसणाऱ्या खर्चावर. साहाय्याचा विचार करताना पुढील तपासण्यांचाही त्यात समावेश व्हावा.

ज्या आजींचा उल्लेख आरंभी केला, त्यांच्या जबड्याची जखम भरून आल्यावर काही महिन्यांनी दुसरे रोपण बसवण्यात आले. त्या खेपेस तिसऱ्याच दिवशी त्या स्वतः हजर झाल्या. सूज होती तेवढीच, स्वाभाविक. "काही नाही, नुसतं दाखवायला आले," असे त्या म्हणाल्या. प्रत्येक रुग्णाने असेच 'नुसते दाखवायला' यावे, ही आमची मनःपूर्वक इच्छा आहे.

— दंतविभाग