पॉइंट म्हणजे स्ट्रॉबेरी, लोणचं नव्हे

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. विमानातली सीट बटण दाबताच पलंग होते, त्यावर पांढरीशुभ्र चादर पडते, हातात ज्यूसचा ग्लास येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'बिझनेस क्लास, तेही फुकट! फक्त पॉइंट वापरले!' आपण मेसची पोळी-भाजी खात ते रील मित्राला फॉरवर्ड करतो आणि लिहितो, 'भावा, आपण कधी?'

या 'कधी'चं उत्तर मला गेल्या वर्षी आमच्याच घरात मिळालं. पण त्या पलंगावर मी झोपलो नाही. माझी आई झोपली.

मी पाचगणीचा. या गावाला लांबचा प्रवास नवा नाही. १९५५ साली आठ वर्षांचा फारुख बलसारा झांझिबारचं घर सोडून इथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. आजही जूनमध्ये दूरदूरची मुलं ट्रंका घेऊन इथल्या बोर्डिंगमध्ये येतात. आई अशाच एका शाळेच्या मेसमध्ये वीस वर्षं काम करतेय. दिवसभर उभं राहून तिचे गुडघे गेलेत. ताई नोकरीसाठी फ्रँकफर्टला. तिचं बाळंतपण जवळ आलं आणि आईने जायचं ठरलं.

आता पाचगणीहून मुंबईचं विमान पकडायचं म्हणजे काय, ते बघा. जेवून दुपारी निघायचं. पसरणीचा घाट उतरून वाई, मग सुरूर फाटा, खंबाटकीचा बोगदा, पुण्याचं ट्रॅफिक, एक्स्प्रेस-वे. अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतात. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे आधी सहा-सात तास गाडीत, मग विमानतळावर रांगा, मग नऊ-एक तास पाय दुमडून सीटवर. तुमच्या-माझ्या वयाला हे चालतं. पंचावन्न वर्षांच्या, गुडघ्यांनी हैराण झालेल्या बाईला नाही. ताईने आपले साठवलेले पॉइंट बाहेर काढले ते यासाठी.

हे पॉइंट येतात कुठून?

आधी थोडा इतिहास. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'अ‍ॅडव्हांटेज' ही योजना सुरू केली आणि 'आमच्याच विमानाने परत परत या, मैल साठवा, मग एक तिकीट बक्षीस' हा प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स' होती, तिचंच नाव आता 'महाराजा क्लब' झालंय. पुढे बँका यात उतरल्या. बँक विमान कंपनीकडून पॉइंट घाऊक विकत घेते आणि तुम्ही कार्ड घासलं की त्यातले थोडे तुम्हाला देते. ते पैसे येतात दुकानदाराकडून कापलेल्या कमिशनमधून, कार्डाच्या वार्षिक फीमधून आणि ज्यांनी बिल वेळेवर भरलं नाही त्यांच्या व्याजातून.

म्हणजे 'फुकट' असं काही नसतं. कुणीतरी पैसे भरलेलेच असतात. हा धंदा केवढा मोठा आहे? कोरोनाच्या काळात विमानं जमिनीवर होती, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने २०२१ मध्ये ही पॉइंटची योजनाच तारण ठेवून १० अब्ज डॉलर उभे केले.

आता आपला हिशेब

समजा, तुमच्या कार्डावर शंभर रुपयांच्या खर्चाला विमान कंपनीचा एक मैल पडतो. साध्या कार्डांवर याहून फार जास्त मिळत नाही. युरोपच्या बिझनेस क्लासला एका बाजूचे, समजा, ७०,००० मैल लागतात. कंपनी आणि तारखेनुसार हा आकडा पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जातो. म्हणजे खर्च करायला हवा ७० लाख रुपये!

तुमचा पॉकेटमनी महिन्याला ८,००० असेल आणि तो सगळाच्या सगळा कार्डावर गेला, तर वर्षाला ९६० मैल होतात. ७०,००० व्हायला त्र्याहत्तर वर्षं लागतील. तोवर सीटचा पलंग नाही, खरा पलंगच लागेल.

मग रीलवाल्यांना जमतं कसं? त्यांचा खर्च वेगळा असतो. कुणाचा ऑफिसच्या कामाने सतत प्रवास असतो, कुणाचा हॉटेलचा किंवा दुकानाचा धंदा असतो आणि मालाची बिलं कार्डावर जातात, कुणी महागडी कार्डं घेऊन सुरुवातीचे बोनस पॉइंट गोळा करतो. ताईचे पॉइंट ऑफिसच्या दौऱ्यांचे होते. तिने चार वर्षं इकॉनॉमीत बसून ते जमवले होते.

आणि बिल थकवून पॉइंट कमावणं हा तर सरळ तोट्याचा धंदा. ५०,००० रुपये खर्च केले, वरच्या हिशेबाने ५०० मैल मिळाले. एका मैलाची किंमत रुपयाभर धरली तर झाले ५०० रुपये. तुम्ही पाच टक्के 'मिनिमम ड्यू' भरून ४७,५०० पुढे ढकलले, तर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याजच १,६६० च्या वर जातं, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पाचशेच्या बक्षिसासाठी दोन हजारांच्या आसपास दंड! असे दोन-तीन महिने गेले की रीलमधला पलंग राहतो बाजूला, आपलीच झोप उडते.

साठवलं आणि सडलं

आमच्या ताईचीही एक चूक झाली. तिच्याकडे नव्वद हजारांवर मैल होते आणि तेव्हा एका बाजूच्या बिझनेस क्लासला ४५,००० लागायचे. म्हणजे आईचं जाणं-येणं दोन्ही आरामात झालं असतं. 'अजून थोडे जमू देत, मग बघू' म्हणत तिने वर्ष घालवलं. त्या कंपनीने मधेच दर बदलले आणि त्याच सीटचे ६८,००० झाले. मैल तेवढेच, पण आता एकच बाजू पदरात.

आमच्याकडे स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो. तोडलेली स्ट्रॉबेरी दोन दिवसांत विकली नाही की तिचं काय होतं, ते शेतकऱ्याला विचारा. पॉइंटही तसेच असतात. ते बरणीत मुरून वाढत नाहीत. कुठे तीन वर्षांनी संपतात, कुठे वर्षभर खातं हललं नाही की गायब होतात, कुठे रातोरात त्यांची किंमत उतरते. बँकेतल्या पैशावर निदान व्याज मिळतं, पॉइंटवर काहीच नाही. आणि कंपनीच थांबली तर? १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. जे विमानच उडत नाही, त्यातली बक्षिसाची सीट कुठून येणार?

रात्री पलंग, दिवसा खुर्ची

एकच बाजू मिळणार, मग कुठली घ्यायची? इथे ताईने डोकं लावलं. मुंबईहून फ्रँकफर्टला जाणारं विमान रात्रीचं. परतीचं विमान तिथून दुपारी निघतं आणि इथे मध्यरात्री पोचतं, म्हणजे आईसाठी जवळजवळ दिवसाचाच प्रवास. म्हणून जाताना बिझनेस, येताना इकॉनॉमीची कडेची सीट.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बिझनेस क्लासमध्ये महाग काय असतं? जेवण चांगलं असतं, लाउंज असतो, बॅगा जास्त नेता येतात. पण खरी किंमत आडवं पडण्याची. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी सीट आणली, तिथून हा वर्ग बदलला. दिवसाच्या प्रवासात त्या पलंगाचा निम्मा उपयोग वाया जातो. आणि 'बिझनेस' लिहिलंय म्हणून सीट सपाट होईलच असंही नाही. काही जुन्या विमानांत ती उतरती राहते आणि माणूस रात्रभर खाली घसरतो. म्हणून बुक करण्याआधी विमान कुठलं आणि सीटची रचना कशी, ते बघायचं.

सीट मिळवणं हेही एक कामच. पॉइंटवर द्यायच्या सीटा प्रत्येक विमानात मोजक्याच असतात. साधारण वर्षभर आधी बुकिंग उघडतं, तेव्हा काही सुटतात, काही अगदी शेवटच्या दिवसांत. दिवाळी, नाताळ, मेची सुट्टी या काळात नाव नको. ताईने गणपतीतच फेब्रुवारीची सीट धरली, तीही चार तारखा मागे-पुढे करून. तिने आणखी एक पथ्य पाळलं, आधी सीट दिसली, मगच बँकेतले उरलेले पॉइंट विमान कंपनीकडे वळवले. कारण एकदा तिकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत.

कर मात्र रोख भरावा लागतो. काही कंपन्या पॉइंटच्या तिकिटावरही इंधनाचा अधिभार लावतात आणि आकडा हजारोंत जातो. ब्रिटनहून निघणाऱ्या विमानावर तर सरकारचा प्रवासी करच बिझनेसला इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणून 'फुकट' तिकिटाची शेवटची रक्कम बघितल्याशिवाय बटण दाबू नका.

आणखी एक हिशेब आपल्या पिढीने तरी टाळू नये. सपाट सीट जागा जास्त खाते, म्हणून ब्रिटिश सरकारच्या मोजणीत लांबच्या विमानात बिझनेसच्या प्रवाशाच्या वाट्याला इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट कार्बन येतो. गरज असेल तर जरूर जा. नुसत्या रीलसाठी जाताना मात्र हा आकडा आठवा.

त्या रात्री

निघताना आई म्हणत होती, "अगं, मला कशाला एवढं? बसायचंच तर आहे." मी तिला एक चिठ्ठी लिहून दिली होती, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये: 'मला इंग्रजी येत नाही. जेवण शाकाहारी. कृपया माझी सीट झोपण्यासाठी सपाट करून द्या.' शाकाहारी जेवण आणि व्हीलचेअर दोन्ही आधीच नोंदवलं होतं. व्हीलचेअरला पैसे पडत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

विमान रात्री दोननंतर उडालं. आईने लाउंजमध्येच खाऊन घेतलं होतं, त्यामुळे पहाटे तीनच्या जेवणासाठी ती जागी राहिली नाही. पण सीटची बटणं बघून तिने हात आवरले, काही तुटलं तर? अर्धा तास ती तशीच ताठ बसून होती. मग चिठ्ठी पुढे केली. त्या मुलीने ती वाचली, हसली, गादी अंथरली, चादर घातली आणि आईचे बूट उचलून नीट ठेवले. आईला याचंच जास्त नवल वाटलं. वीस वर्षं दुसऱ्यांची ताटं उचलणाऱ्या बाईचं अंथरूण कुणीतरी घालत होतं.

सकाळी फ्रँकफर्टहून फोन आला. मला वाटलं, जेवण, खिडकी, ढग असं काही सांगेल. ती म्हणाली, "पाच तास झोपले रे. पाय सुजले नाहीत." त्याच दिवशी संध्याकाळी तिने ताईच्या घरी स्वयंपाक केला. चार दिवसांनी नात झाली.

तुम्ही काय कराल?

तुमच्याकडे आज ७०,००० मैल नाहीत आणि ते ठीक आहे. पण दोन-तीन गोष्टी आत्ता करता येतात.

पुढच्या वर्षी एमएसला किंवा मास्टर्सला जाणार असाल, तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीच्या योजनेचं सभासदत्व घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. तिकिटात तो नंबर टाका. राहून गेलं तर बोर्डिंग पास जपून ठेवा, अनेक कंपन्या काही महिने मागचे मैलही जमा करतात. सगळे मैल एकाच खात्यात येऊ द्या. एअर इंडिया आणि लुफ्तांसा दोघीही 'स्टार अलायन्स'मध्ये आहेत, म्हणजे एकीच्या प्रवासाचे मैल दुसरीच्या खात्यात घेता येतात. फक्त एक ध्यानात ठेवा, अगदी स्वस्त तिकिटावर मैल कमीच पडतात.

कार्ड घ्यायचं असेल तर एफडीवर मिळणारं छोटं घ्या. पॉइंटसाठी एक रुपयाही जादा खर्च करायचा नाही आणि बिल पूर्ण भरायचं. ज्याला हे जमत नाही, त्याने यूपीआयवरच राहावं, त्यात कमीपणा काही नाही.

आणि आज रात्री घरी एक प्रश्न विचारा: बाबांच्या, काकांच्या, ताईच्या कार्डावर किती पॉइंट पडून आहेत आणि ते कधी संपतात? बहुतेक घरांत हे कुणालाच ठाऊक नसतं. मोबाइलवर ते शोधणं तुम्हाला दहा मिनिटांचं काम आहे. काही योजनांत दुसऱ्यासाठी तिकीट काढायला त्याचं नाव आधी नोंदवावं लागतं, तेही बघून ठेवा. कदाचित बिझनेस क्लास होणार नाही, पण आजीचं दिल्लीचं तिकीट तरी निघेल.

ताईच्या खात्यात आता थोडेच मैल उरलेत. या वेळी ती साठवत बसलेली नाही. नातीला घेऊन ती दिवाळीत पाचगणीला येतेय. इकॉनॉमीतच.