जपानी केकच्या दुकानात

केक म्हटला की आपल्या वस्तीत वाढदिवसाचा, वर रंगीत फुले काढलेला केक डोळ्यांपुढे येतो. चीजकेक हे नाव मात्र वाशीमकडे फारसे कुणाच्या ओठी नाही. पुण्यास जाण्याचा योग आला तेव्हा तो आम्ही प्रथम पाहिला. आमची भाची तेथे जपानी पद्धतीच्या केक व टार्टच्या दुकानात भट्टीवर कामाला आहे. "मामा, मामी, एकदा येऊन तर पाहा," असा तिचा आग्रह. आम्ही उभयता गेलो.

एका तुकड्याची किंमत ऐकून आम्ही चपापलो. आपल्याकडे शेतात निंदणाऱ्या बाईची दिवसभराची मजुरी जवळजवळ तेवढीच! दोघांत मिळून एकच तुकडा घेतला. तो कापसासारखा मऊ, बेताचा गोड, किंचित आंबूस. टार्ट म्हणजे खुसखुशीत वाटी व आत तेच मऊ सारण.

तो कसा होतो, हे भाचीने सांगितले. क्रीम चीज म्हणजे साययुक्त दूध विरजून, पाणी निथळून केलेला मऊ गोळा. आपल्या चक्क्याचाच भाऊबंद. त्यात अंड्याचा पिवळा बलक व थोडेसेच पीठ घालतात. पांढरा बलक साखर घालून फेस येईतो फेटतात व हलक्या हाताने त्यात मिसळतात. मग भांडे गरम पाण्याच्या परातीत ठेवून मंद आचेवर भाजतात. फेस मोडला की केक बसलाच. म्हणजे खरा माल हातातील कौशल्य आहे.

जपानी लोकांचाही हा मूळचा पदार्थ नव्हे. दूधदुभते त्यांच्या रोजच्या जेवणात पूर्वी फारसे नव्हते. कोबे शहरातील मोरोझॉफ कंपनीच्या प्रमुखांनी जर्मनीत बर्लिन येथे असा केक खाल्ला आणि १९६९ साली कंपनीने तो जपानात विकावयास आणला. पुढे ओसाका शहरातील रिकुरो यांच्या दुकानाने मऊ, फुगीर केक घराघरांत नेला. तेथे केक भट्टीतून निघाला की घंटा वाजवतात. दुसऱ्याचे शिकावे आणि आपल्या हाताने त्याहून निराळे करून दाखवावे, हा गुण घेण्यासारखा आहे.

वाचकहो, आम्हाला त्या दुकानात चवीहून मोठी गोष्ट दिसली. आपल्या आजोबांचे हात शेतात राबायला चालत. पण त्याच हातांनी केलेला चहा विकायला ठेवला तर गिऱ्हाईक फिरकत नसे. खाद्यपदार्थांचा धंदा विटाळाने आपल्याला बंद केला होता. खेड्यापाड्यांतून ते सारे संपले, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दुकानातील रांगेत एकानेही 'आत कोण भाजते?' असे विचारले नाही. आमची भाची भाजत होती!

१९९८ साली झालेला आपला जिल्हा नीती आयोगाने २०१८ मध्ये मागे पडलेल्या, म्हणजे 'आकांक्षित' जिल्ह्यांत धरला. मोठे कारखाने नाहीत. बी.ए., बी.कॉम. झालेली मुले जाहिरातीची वाट पाहत वय घालवतात. त्यांनी या धंद्याकडे अवश्य पाहावे. आय.टी.आय.मध्ये बेकर व कन्फेक्शनर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ व २०१५ पासूनची मुद्रा योजना या कर्जाच्या वाटा आहेत. चौकशी करावी, कागद नीट वाचावेत.

मात्र आधी कर्ज नको. आधी हात बसू द्या. वर्षभर कुणाच्या तरी बेकरीत काम करा. चीजकेकला सतत थंडावा लागतो, वीज लागते, मोठे गिऱ्हाईक लागते. रिसोड, मालेगावात पाव, टोस्ट, खारी व नानकटाई रोज खपते. तेथून आरंभ करावा. आणि घरात मुलीने भट्टीचे काम शिकते म्हटले, तर तिला 'हे कसले शिक्षण?' असे म्हणून हिणवू नये.