पन्नास डॉलरची सीडी

वर्षातून दोनदा, साधारण मे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती यायची आणि तिच्याबरोबर सीडींचा संच. डबीत तीन सीडी, तिचं बोधचिन्ह असलेल्या काटेरी, फुगणाऱ्या ‘पफी’ माशाचे स्टिकर, इन्स्टॉल कसं करायचं ते सांगणारा छापील कागद. २००१ पासून तर प्रत्येक आवृत्तीचं स्वतःचं गाणंसुद्धा. किंमत पन्नास डॉलरच्या आसपास. आतलं सगळं सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळत होतं, तरी लोक डबी विकत घ्यायचे.

थिओ द राट यांनी १९९५ साली कॅनडातल्या कॅलगरीत ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू केली. सॉफ्टवेअरची हवी तेवढी नक्कल करा, पण सीडीच्या मांडणीचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. प्रकल्पाचा संसार बराचसा त्या विक्रीवर चालला. मला या व्यवहाराचं मोल फार वाटतं. घेणारा उपकार करत नव्हता, वस्तू घेत होता. आणि सहा महिन्यांनी त्याला पुन्हा आठवण करून द्यावी लागत नव्हती, नवी आवृत्तीच दारात यायची.

मोठ्या पैशाचा अनुभव वेगळा. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’कडून येणारा निधी २००३ साली थांबला, तोही द राट यांनी इराक युद्धावर वर्तमानपत्रात टीका केल्यावर काही दिवसांतच. पन्नास डॉलर देणाऱ्या गिऱ्हाईकाने असा हात आखडल्याने प्रकल्प अडत नाही.

पुढे इंटरनेट वेगवान झालं, सीडी ड्राइव्ह गेले, तशी डबीची विक्री घटली. खर्च मात्र थांबला नाही. द राट यांच्या घराच्या तळघरात जुन्या-नव्या जातींची यंत्रं रात्रंदिवस चालतात, कारण प्रत्येक जातीवर प्रणाली बांधून, चालवून पाहायची असते. या यंत्रांचं वर्षाचं वीजबिल तेव्हा वीस हजार डॉलर होतं. जानेवारी २०१४ मध्ये तेच भरायची पंचाईत झाली. जाहीर हाक दिल्यावर देणग्या आल्या, पण त्यासाठी दिवा विझायची वेळ यावी लागली. सप्टेंबर २०१६ मधली ६.० ही सीडीवर विकलेली शेवटची आवृत्ती.

आता भार २००७ साली स्थापन झालेल्या ओपनबीएसडी फाउंडेशनवर आहे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही तिथे मोठी देणगी दिली.

पुण्या-मुंबईत सर्व्हर सांभाळणारे रोज ज्या ओपनएसएसएचने दूरच्या यंत्रात शिरतात, ते याच मंडळींनी १९९९ साली केलं. त्याचं बिल कधी कुणाला आलेलं नाही. फाउंडेशन व्यक्तींकडूनही देणगी घेतं. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरात, तेवढी आठवण ठेवा.