गेंडा तोच, पांडा नवा

घरातला चिल्लरचा डबा उपसलात तर पंचवीस पैशांचं गेंडेवालं नाणं नक्की सापडेल. १९८८ ते २००२, साल बदललं, गेंडा तोच! चीनच्या चांदीच्या पांड्याचं बरोब्बर उलट. तो १९८३ ला आला आणि तेव्हापासून चित्र बदलत आलंय. २००२ ला मात्र २००१ चंच चित्र ठेवलं, संग्राहक कुरकुरले, आणि २००३ पासून पांडा पुन्हा बदलू लागला. ऑस्ट्रेलियाचा कूकाबुरा पक्षीही १९९० पासून असाच.

गेलेल्या सालाचं नाणं पुन्हा पाडत नाहीत, म्हणून चांदीच्या भावावर वरकड पैसे मोजावे लागतात. नकली माल शिरतो तो इथेच.

आमच्या रूममेटने कल्याणात एकाकडून २०१२ चा पांडा घेतला. वजन ३१.१ ग्रॅम, म्हणजे एक औंस, अगदी बरोबर. स्वारी खूश! तरी लॅबमध्ये नेलाच. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणला, नाणं दोऱ्याने पाण्यात बुडवलं, तळाला न टेकवता. चांदीची घनता साधारण १०.५, म्हणजे काट्यावर २.९६ दिसायला हवं. दिसलं ३.४७! भागाकार केला (आर्किमिडीजचा तास बंक करणाऱ्यांनी शेजाऱ्याला विचारावं), उत्तर ८.९६. म्हणजे चक्क तांबं, वर नुसता मुलामा. मग नीट मोजलं तर जाडीही जास्त निघाली.

हो, २०१६ पासून पांडा ३० ग्रॅमचा झालाय. त्याला काट्यावर २.८६ यायला हवं.