गवंड्याची मुदत आणि करारनामा
स्नानगृहाची फरशी बदलण्यासारख्या किरकोळ कामांत होणारा विलंब सर्वस्वी कारागिराच्या आळसातूनच उद्भवतो असे मानणे अन्यायाचे आहे. कारण सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारावेच लागते, आणि हा अवधी चुकवणारा गवंडी घरधन्याचे अहितच करतो. मात्र बयाणा घेऊन दुसऱ्याच कामावर निघून जाणे ही गोष्ट निराळी, आणि तिच्यापायी सामान्य कुटुंबाची जी परवड होते ती मला असह्य वाटते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५५ येथे उपयोगी पडते: मुदत हा कराराचा गाभा असावा असा उभयतांचा उद्देश असेल, तर ती टळताच करार रद्द करण्याचा अधिकार घरधन्यास मिळतो. म्हणून साध्या कागदावर का होईना, मुदत, कामाचा तपशील आणि टप्प्याटप्प्याने द्यावयाच्या रकमा लिहून दोघांनी दस्तखत करावे, व अखेरचा हप्ता काम तपासल्यानंतरच द्यावा.